फूल सावंगी नावाची बाई

गाण्यात ओलावा किती आहे हे बोटं चोळून सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते आमचे ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे साहेब. फुलसावंगीच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर मी कारकून म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते एका बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढून कापसात उभे होते. गळ्यात पट्ट्यानं लटकवलेला ट्रान्झिस्टर, हातात कापसाचा पुंजका. पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून त्यांनी ओढला, धागा किती लांब येतो ते पाहिलं आणि अंगणाच्या पार टोकाला वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडले, "सुपर!" मग मान खाली करून ट्रान्झिस्टरकडे पाहिलं, तीच बोटं हवेत चोळली आणि हळूच म्हणाले, "हे एफएक्यू."

एफएक्यू म्हणजे मधली प्रत, एवढं मला ठाऊक होतं. मी लगेच वहीत लिहून घेतलं. शिपाई माझ्या कानाशी आला. "मॅडम," म्हणाला, "थे गान्याचं होतं. थे लिवाचं नसते."

वडिलांच्या जागी अनुकंपेवर लागलेली मी चोवीस वर्षांची पोरगी, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची. केंद्रावर बाई म्हणून मी एकटीच. पहिल्याच दिवशी असला साहेब पाहून मी मनात म्हटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मी नोकरीत जितकी हसले तितकी आजतागायत पुन्हा हसलेले नाही.

साहेबांचं गाण्याचं शास्त्र सगळं कापसाचं होतं. रडकं गाणं लागलं की ते म्हणत, "वजन वाढवाले पानी मारलं याच्यावर." वाद्यांचा फार गलबला असला तर "काडीकचरा लय." शब्द भारी आणि चाल पोकळ असली तर "सरकीच सरकी, रुई कुठी आहे?" त्यांच्या तरुणपणातली, म्हणजे लग्न होईपर्यंतच्या काळातली गाणी तेवढी "पहिला वेचा". शेतात पहिल्यांदा वेचायला जावं तेव्हा जो पांढराशुभ्र, टपोरा कापूस हाती लागतो तो. आणि त्यानंतर निघालेली झाडून सारी गाणी म्हणजे "फरदड". हंगाम संपल्यावर झाडं उपटून टाकायची सोडून त्यांनाच पुन्हा पाणी देऊन जो आखूड धाग्याचा, किडका माल काढतात त्याला आमच्याकडे फरदड म्हणतात. मी एकदा विचारलं, "साहेब, माझा जन्मच तुमच्या फरदडीतला. मी काय करू?"

"तुहा काही दोष नाही बाई," ते गंभीरपणे म्हणाले. "कान धुवून येत जा."

दिसायलाही ते त्या जुन्या गाण्यांतूनच उतरून आल्यासारखे होते. निवृत्तीला आलेला माणूस, पण कपाळावर केसांचा कोंबडा. तो काढायला खिशात कंगवा. आणि बेलबॉटम! साऱ्या जगानं सोडून दिली तरी साहेबांनी बेलबॉटम सोडली नव्हती. महागावच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून ते ती अजून शिवून घेत. कापसाच्या गंज्यांमधून दिवसभर फिरल्यावर त्या रुंद घेरात इतका कापूस भरायचा की संध्याकाळी फाटकाबाहेर जाताना शिपाई त्यांना अडवून म्हणायचा, "साहेब, सरकारचा माल ठेवून जा." साहेब निमूटपणे एकेक पाय झटकत आणि मग घरी जात.

त्यांची एक खोड मात्र मला समजायलाच तीन महिने लागले. ते गुणगुणायचे छान, पण मधेच आवाज बारीक होत होत नाहीसा व्हायचा. ओठ हलत राहायचे, आवाज नाही. मग थोडी शीळ, थोडं घशातून खरखर, आणि पुढच्या ओळीच्या मध्यावर गाणं पुन्हा मोठ्यानं सुरू. मला वाटायचं यांना दम्याचा त्रास असावा. मी काळजीनं आल्याच्या वड्यासुद्धा आणून दिल्या. वड्या त्यांनी खाल्ल्या आणि मग खुलासा केला. ही गाणी त्यांनी तरुणपणी समुद्रापलीकडच्या एका केंद्रावरून शॉर्टवेव्हला ऐकली होती. तिथला आवाज हेलकावे खात यायचा, मधेच बुडायचा, शीळ घालायचा. ज्या गाण्यात जिथे आवाज बुडला तिथे ते अजून बुडत होते.

मी यवतमाळहून त्यांच्यासाठी एक कॅसेट आणली. सगळी पहिल्या वेच्याची गाणी, नव्यानं स्वच्छ करून भरलेली. त्यांनी डोळे मिटून पहिलं गाणं ऐकलं. मी शाबासकीची वाट पाहत उभी. संपल्यावर ते हळहळत म्हणाले, "आहे तेच, पन ते नाही. याच्यात खरखर कुठी आहे? अन् दुसऱ्या कडव्यात थे बाई काय म्हनते थे मले आज पहिल्यांदा ऐकू आलं. इतके वर्सं मी तिथी माह्या मनाचे शब्द घालून राह्यलो होतो. माहे जास्त चांगले होते."

कडव्यावरून आठवलं. माल तपासल्यावर नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. एकदा गाणं ऐकता ऐकता साहेबांनी कुणाच्यातरी कापसापुढे शेरा मारला, "दुसरे कडवे कमजोर." महिन्याभरानं वरच्या कार्यालयातून पत्र आलं: दुसरे कडवे म्हणजे काय, खुलासा करावा. सगळं केंद्र घाबरलं. साहेबांनी शांतपणे उत्तर लिहिलं, "लेखनातील चूक. 'कडवे' ऐवजी 'कवडी' असे वाचावे." कवडी म्हणजे किडीनं डागाळलेला कापूस. वरच्यांचं समाधान झालं. साहेब मात्र दोन दिवस माझ्याकडे पाहून हसत होते. "कडवं न् कवडी," म्हणायचे, "सरकारले दोन्ही सारखेच."

पण ती वर्षं हसण्याची नव्हती, हेही सांगायला हवं. बोंडअळीनं पिकं खाल्ली होती, भाव पडले होते. केंद्रापुढे बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि माणसं दोनदोन दिवस बैलांजवळ बसून राहायची. गावात कुणाच्या घरापुढे चारचौघं जमलेली दिसली की वाटायचं, आणखी एकानं विष घेतलं. अशा रांगेतून साहेब सकाळी ट्रान्झिस्टर घेऊन एक चक्कर मारत. आवाज पूर्ण मोठा. त्यांच्याच वयाचे शेतकरी असले की लगेच वाद पेटायचा. हे गाणं कोणत्या साली निघालं? साल कुणालाच सांगता यायचं नाही. सगळे पिकावरून सांगायचे. "माह्या तुरीवर धुई पडली त्या वर्सी." "नाही बापा, माही मोठी पोरगी झाली त्या वर्सी." तासभर हे चालायचं. एका म्हाताऱ्या आजोबांना तर एका गाण्याची चाल आठवली, शब्द आठवेनात, तर सगळी रांग मागून पुढे एकमेकांना विचारत गेली आणि शब्द शेवटच्या बंडीवरच्या बाईकडे सापडले. तिनं ते गाऊनही दाखवले. बैलसुद्धा उठून उभे राहिले, असं शिपाई सांगतो, पण त्याचं काही खरं नसतं.

मी साहेबांना एकदा म्हटलं होतं, इथे लोक कोणत्या काळजीत आहेत आणि तुम्ही गाणी काय वाजवता? ते रागावले नाहीत. "भाव माह्या हातात नाही," म्हणाले. "हे बटन आहे." मला माझंच बोलणं लागलं. त्यानंतर मी असलं काही विचारलं नाही.

दुपारचा डबा मी त्यांच्या घरी खायची. घर केंद्राच्या मागेच, एक रिकामं वावर ओलांडलं की. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसऱ्या आणि बोलण्यात तिखट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "फुलसावंगी आवडली काय तुले?"

"हो, बरं आहे गाव," मी म्हटलं.

"तुले आवडन. मले कशी आवडन? माही सवत होय थे."

साहेब ताटावर मान खाली घालून जेवत राहिले. कान मात्र लाल झालेले. मग काकूंनी मला ती सगळी हकिगत सांगितली. नंतरही ती मी कितीदा तरी ऐकली, आणि दर वेळी साहेबांचे कान तसेच लाल व्हायचे.

काकू मूळच्या राजूरच्या, वणीकडच्या. वडील कोळसा खाणीत, राहायला कामगारांच्या चाळींच्या लाइनीत. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरात जन्मलेली ही पहिली मुलगी. वडिलांनी तिच्यासाठी मुद्दाम नाव निवडलं, यशोधरा. "आमच्या लायनीत सगळ्या धोंडी, चंद्री, सकू," काकू सांगायच्या. "मले बाबा पुऱ्या नावानं हाक मारे. खानीतून काया ठिक्कर होऊन येईन, अन् गल्लीच्या तोंडापासून आवाज देईन, यशोधरा! मले लय भारी वाटे."

लग्न ठरलं तेव्हा साहेब नुकतेच नोकरीला लागले होते आणि त्यांची पहिली नेमणूक नेमकी इथेच झाली होती. सासरच्यांना एवढंच माहीत की जावई महागावकडे कुठेतरी आहे. त्या दिवसांत साऱ्या पोरांना एकच वेड होतं, रेडिओला फर्माइशीचं कार्ड पाठवायचं. आवडतं गाणं लिहायचं आणि खाली आपली नावं. गाण्याआधी निवेदक ती नावं वाचायचा. आपलं नाव रेडिओवर आलं की तो पोरगा महिनाभर छाती काढून चालायचा. नावं जितकी जास्त तितकं कार्ड भारदस्त म्हणून लोक शेजाऱ्यांची, आत्याची, कुणी तर बैलांचीही नावं घालत. साहेबांनी होणाऱ्या बायकोला निरोप धाडला: दर आठवड्याला कार्ड टाकतो आहे, तुझं नाव माझ्या नावासोबत लागेल, ऐकत राहा. राजूरला खाणकामगारांची अख्खी लाइन दर आठवड्याला काकूंच्या घरी रेडिओपुढे बसू लागली.

आणि एका आठवड्यात खरंच लागलं. साहेबांचं नाव आलं. लाइनीत आरडाओरडा झाला. मग निवेदक आपल्या गोड हिंदीत पुढे म्हणाला, "और फूल सावंगी." आणि गाणं सुरू.

"आरडाओरडा करनारे सारे माह्या तोंडाकडे पाहाले लागले," काकू म्हणायच्या. "बाबानं उठून रेडिओ बंद केला. शेजारीन म्हनते, हे फूल कोन होय वो?"

झालं होतं असं की साहेबांनी कार्डावर आपलं नाव ठळक लिहिलं. त्याखाली गाव, तेही ठळक, फुलसावंगी. आणि या दोहोंच्या मधे होणाऱ्या बायकोचं नाव. पण ते लिहिताना त्यांना इतकी लाज वाटली की अक्षर मुंगीएवढं झालं. निवेदकाला मुंगी दिसली नाही. गावाची मात्र बाई झाली.

दुसऱ्या दिवशी काकूंचे भाऊ तावातावानं निघाले. कोण ही फूल सावंगी, तिला एकदा समोरासमोर पाहायचंच. तीन गाड्या बदलून ते महागावच्या स्टँडवर उतरले तर समोर कंडक्टर बसच्या दारात लटकून त्याच बाईच्या नावानं ओरडत होता, "फुलसावंगी, फुलसावंगी, चला फुलसावंगी!" भावांचं डोकं फिरलं. एवढी बदनाम बाई? त्यांनी कंडक्टरची कॉलर धरली. "कुठी राह्यते थे?"

"कोन?"

"फूल सावंगी!"

कंडक्टरनं त्यांना खालीवर पाहिलं. "राह्यत नाही दादा, येते. सव्वा तासानं. बसाचं असन तर बसा, नाही तर दार सोडा."

भाऊ बसले नाहीत. स्टँडवरच एक चहा प्यायले, हसून हसून डोळे पुसले आणि परत फिरले. लग्न झालं. पण लग्नात साहेबांनी सासऱ्यांना शब्द दिला की तुमच्या लेकीचं नाव मी रेडिओवर लावूनच दाखवीन.

तो शब्द काही पुरा झाला नाही. साहेब कार्डं टाकत राहिले. बदल्या झाल्या, पोरं झाली, पोरं पुण्याला गेली, साहेब कार्डं टाकतच राहिले. एकदा नाव लागलं, पण निवेदकानं "यशोधर" वाचलं. काकूंनी दोन वर्षं चिडवलं, तुमचा तो दोस्त यशोधर बरा आहे ना? मग तो कार्यक्रमच बंद पडला. आणि नोकरीच्या शेवटच्या दिवसांत साहेबांची बदली झाली ती पुन्हा इथेच. "सवतीच्या घरात आनून ठेवलं मले," काकू म्हणायच्या आणि दोघं हसायचे.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. साहेबांनी ते नाव आयुष्यभर लिहिलं होतं, पण तोंडानं कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या घरात मोठ्यांसमोर बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. मोठे गेले तरी जीभ वळली नाही. ते काकूंना "ऐकलं काय" म्हणायचे. फारच घाई असली तर नुसतं "अवो". दीर वहिनी म्हणायचे, पोरं आई म्हणायची, मी काकू. रेडिओचा एवढा अट्टाहास कशासाठी होता हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणीतरी ते नाव मोठ्यानं घ्यावं, एवढीच त्या माणसाची सोय होती. मला हसूही आलं आणि त्यांचा रागही आला.

त्या हिवाळ्यात काकूंची आई राजूरला वारली. वडील आणि भाऊ आधीच गेलेले. काकू आठ दिवसांनी परत आल्या. मी आणि साहेब दुपारी जेवत होतो. काकू भाकरी वाढता वाढता, अगदी सहज बोलल्यासारखं, म्हणाल्या, "आता मले नावानं हाक मारनारं कोनी नाही राह्यलं."

एवढंच. मग त्या चुलीकडे वळल्या. साहेबांचा घास हातातच राहिला. केंद्रावर परत येताना त्या वावरात ते थांबले आणि मला म्हणाले, "बाई, तो फोनवाला प्रोग्राम कधी असते?"

आमच्या जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर तेव्हा आठवड्यातून एक दिवस दुपारी फोनवर फर्माइश घेत. मराठीतून, थेट. साहेबांनी आजवर त्याला नाक मुरडलं होतं. बोलणारेही फरदड आणि गाणीही फरदड, असं त्यांचं मत. आता मात्र दर आठवड्याला त्या वेळी ते ऑफिसात येऊन बसू लागले. नंबर मी फिरवायची. लागायचा नाही. पहिला आठवडा एंगेज. दुसरा एंगेज. तिसऱ्या आठवड्याला घंटी वाजली आणि केंद्राचाच फोन मेला. मार्चअखेर साहेब निवृत्त होणार होते. घरी फोन नव्हता. रांगेतल्या शेतकऱ्यांनाही बातमी लागली होती. ते खिडकीशी येऊन विचारायचे, "लागला काय वो?" कापसाच्या भावाचं विचारायचं सोडून लोक फोनचं विचारत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागला. घंटी वाजली, कुणीतरी उचलला आणि पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला, "नमस्कार, कोण बोलतंय?"

मी रिसीव्हर साहेबांच्या हातात कोंबला. खिडकीत दहाबारा डोकी. टेबलावरच्या ट्रान्झिस्टरमधूनही तोच आवाज येत होता आणि त्याची शीळ वाजायला लागली म्हणून मी तो घाईनं बंद केला. साहेबांनी आधी कोंबड्यावरून हात फिरवला, जणू काही पलीकडून दिसणार होतं. मग आपलं नाव सांगितलं. "कुठून बोलताय काका?" "फुलसावंगी," साहेब म्हणाले आणि घाईघाईनं पुढे, "गाव आहे मॅडम. गाव. बाई नाही."

"बरं," ती मुलगी गोंधळून म्हणाली. "गाणं कोणासाठी ऐकायचंय?"

"घरच्यांसाठी."

"वा! नाव काय त्यांचं?"

साहेबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. त्यांच्या गाण्यासारखंच झालं, पण शीळ नाही, खरखर नाही, काहीच नाही. जिल्हाभर रेडिओ शांत.

"काका? आहात ना?"

"आहो," साहेब कसेबसे म्हणाले. "मॅडम, तुम्हीच म्हना ना थे नाव. मी कागदावर लिवून देतो."

"मला कागद कसा दिसणार काका?" ती हसली. खिडकीतलेही हसले. कुणीतरी ओरडलं, "घ्या ना साहेब नाव! लाजता काय!" माझ्यानं राहवेना. मी रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला, म्हटलं, मी सांगते. साहेबांनी माझा हात धरून बाजूला केला. रागानं नाही, पण घट्ट. आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "यशोधरा."

"ऐकू नाही आलं काका. थोडं मोठ्यानं सांगता? वेळ संपत आलीय."

साहेब उठून उभे राहिले. बंडीवर उभं राहून काट्याकडे प्रत पुकारायची असली की ते छाती भरून घेत, तशी त्यांनी घेतली, आणि साऱ्या अंगणाला पुरेल अशा आवाजात ओरडले, "यशोधरा!"

खिडकीतली माणसं मागे सरकली. एका हमालाच्या हातातली पाटी पडली. पलीकडची मुलगीही बिचारी दचकली असावी. मग म्हणाली, "फारच सुंदर नाव आहे. आणि कोणतं गाणं लावू?"

गाण्यासाठी जन्म घालवलेला हा माणूस माझ्याकडे पाहायला लागला. त्यांनी गाणंच ठरवलं नव्हतं. "कोनतंबी लावा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बाहेर टाळ्या पडत होत्या. बंड्यांवरची माणसं उभी राहून विचारत होती, झालं काय? झालं झालं, खिडकीतले सांगत होते. मी ट्रान्झिस्टर लावला तर एक गाणं चालू होतं. अगदी नवं, धांगडधिंग्याचं. साहेबांनी पूर्ण ऐकलं. बोटं चोळली नाहीत. कोणती प्रत, काही म्हणाले नाहीत. मी आवाज न करता रडत होते आणि शिपाई मला "मॅडम, चहा आनू काय" असं सारखं विचारत होता.

गंमत म्हणजे त्यानंतर हा माणूस घरी जायलाच घाबरला. त्या दिवशी त्यांनी नसतं काम काढलं. तपासलेल्या गंज्या पुन्हा तपासल्या. दिवस कलायला लागला तेव्हा मीच म्हटलं, "चला, मीही येते." वावर ओलांडून गेलो. काकू अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मान वर केली नाही. साहेब फाटकाशीच चुळबुळत उभे.

"काकू, रेडिओ ऐकला का?" मी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "सेल गेले त्याचे परवापासून."

साहेब तिथेच फाटकाच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं, आणि आज सेल गेले! जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या घरात ते नाव पोचलं असेल, आणि इथेच नाही. साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "कायले बसले तोंड पाडून?" त्या म्हणाल्या. "रेडिओ कायले पाह्यजे? इथंवरी ऐकू आलं. वावराच्या पलीकडून एवढ्या जोऱ्यानं कोनी बोंबलते काय?"

साहेबांनी मान वर केली.

"मी ओ देल्ली होती," काकू म्हणाल्या. "इथूनच, अंगनातून. जोऱ्यानं देल्ली. तुमालेच ऐकू नाही आली."

साहेब पायरीवरून उठले. मग अगदी हळू म्हणाले, "पुन्हा दे."

"आधी हाक मारा."

मी चपला पायात सरकवल्या आणि फाटकाकडे निघाले. मागे साहेबांनी हाक मारली. काट्यावरच्या आवाजात नव्हे, घरात मारतात तशी, साधी. आणि काकूंनी ओ दिली.